आईचे मशीन माझ्याकडे आहे

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचे टेन्सचे मशीन, म्हणजे दुखऱ्या भागाला पट्ट्यांतून विजेचा हलका प्रवाह देणारे ते, कपाटात शोधू नका, ते मी येताना पुण्याला घेऊन आले आहे. बाबा, दुखण्यासाठी मज्जारज्जूला विजेचे स्पंद देणारा स्टिम्युलेटर अंगात बसवलेला असूनही रात्री तुम्ही या मशीनच्या पट्ट्या कमरेला लावता हे आईने सांगितलेले नाही. पट्टीच्या चिकट बाजूला तुमच्या बंडीचे धागे होते. तुमचे दुखणे मला समजत नाही असे नाही, आणि न विचारता नेले याचा तुम्हाला राग येईल हेही ठाऊक आहे. पण समोर विचारले असते तर तुम्ही नेऊ दिले नसते.

टेन्सचा प्रवाह एका पट्टीकडून दुसरीकडे जाताना वाटेत स्टिम्युलेटरची बॅटरी किंवा तारा आल्या, तर त्याच्या कामात अडथळा येऊन नको तेव्हा झटका बसू शकतो. दूर, हातापायाला लावलेले चालेल का, हे पेन क्लिनिकचे डॉक्टर ठरवतील, शेजारचे काका नव्हेत.

मला खरी धास्ती आहे ती फिजिओथेरपीतल्या डायथर्मीची, म्हणजे मशीनच्या लहरींनी आत खोलवर देतात त्या शेकाची. ‘गुडघा कुठे आणि पाठ कुठे’ असे तुम्ही म्हणालात, पण डायथर्मीला ते अंतर पुरत नाही. तिची ऊर्जा तारांमध्ये शिरते आणि टोकाशी, म्हणजे तुमच्या मज्जारज्जूला लागून, उष्णता निर्माण करते. मेंदूत स्टिम्युलेटर असलेल्या पार्किन्सन्सच्या एका रुग्णाला दात काढल्यानंतर जबड्याला असा शेक दिला आणि इजा मेंदूतल्या तारांच्या टोकांशी झाली, अशी नोंद 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल जाहीर इशारा दिला. स्टिम्युलेटर बंद ठेवूनही हा धोका टळत नाही. शॉर्टवेव्हचा शेक, मायक्रोवेव्हचा शेक आणि उपचाराचा अल्ट्रासाउंड, तिन्ही तुम्हाला वर्ज्य. पोटाची सोनोग्राफी वेगळी, तिला घाबरू नका.

फ्यूज बांधताना मला लाकडी पाटावर उभे करून ‘हात मागे’ म्हणणारे तुम्हीच ना, बाबा? मग आता माझे ऐका.

आई, तुझ्या गुडघ्याची आबाळ होऊ देणार नाही. तुझ्या अंगात काही बसवलेले नाही, त्यामुळे तुला ते मशीन चालते. डॉक्टरांशी बोलणे झाले की रविवारी आणून देईन आणि कपाटाची किल्ली तुझ्याच कमरेला राहील. तोवर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून घे. बाबांनाही हवी तर गुडघ्याला दे, मात्र बॅटरीच्या जागेवर ठेवू देऊ नकोस.

स्टिम्युलेटरचे कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवा, देवघरातल्या डब्यात नको. मंगळवारी दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत बसण्याआधी ते दाखवा, आणि आईला बरोबर न्या. सांगायचे राहून गेले, असे तुम्ही म्हणाल, ती म्हणणार नाही.

तुमची,
मनू