छोटा दाराच्या नाल्यावरच्या दादांना, एक राहिलेला निरोप

दादा,

तुमचं नाव मी विचारलंच नाही. सगळे तुम्हाला मेट, म्हणजे रस्त्यावरच्या मजुरांचा मुकादम, म्हणत होते म्हणून मीपण शेवटपर्यंत मेटभैया म्हणत राहिलो आणि आता आभार मानायला बसलोय तर वर नाव काय लिहायचं इथंच अडलोय. तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीय. पण मला जे वाटतं ते हिंदीत धड येणार नाही, म्हणून आपल्या भाषेत लिहितोय, वाचणाऱ्यांपैकी कुणी हिमाचलातल्या स्पितीला निघालं आणि ग्रामफू ते बातलच्या मध्ये झारखंडातल्या दुमक्याच्या मजुरांची गँग रस्त्यावर दिसली तर सांगेल तुम्हाला.

गेल्या वर्षीचा जुलै. मनालीत पाऊस असा लागलेला की मला चिपळूणच आठवलं, थोडी उघडीप मिळू दे मग निघू असं करता करता नऊ वाजले. अटल टनेलमध्ये शिरलो तो रेनकोट निथळत, आणि नऊ किलोमीटरनंतर बाहेर आलो तर लख्ख ऊन, रस्ता कोरडा ठाक, पाऊस सगळा पीर पंजालच्या अलीकडे अडकलेला. मला वाटलं आता काय, सुटलो. आम्ही कोकणातली माणसं वहाळाचं पाणी पावसावरून ओळखतो, पाऊस नाही म्हणजे पाणी नाही. तिकडे सगळं उलटं. ऊन जितकं कडक तितकं वरचं बर्फ वितळतं, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीला लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

छत्रू सोडून छोटा दारा या ठिकाणाच्या अलीकडे तुमच्या नाल्यावर आलो तेव्हा दोन वाजून गेलेले. बाईक फर्स्टला टाकली, निम्म्यात गेलो, पुढचं चाक गोट्यावरून सटकलं आणि गाडी आडवी. पाणी इतकं गार होतं की क्लच हातात आहे का सुटलाय तेच कळेना. तुम्ही चौघं हातातली फावडी टाकून सरळ पाण्यात उतरलात, गमबुटात पाणी भरलं तरी गाडी सोडली नाही. काठावर आल्यावर मी सवयीने सेल्फ-स्टार्टच्या बटणाकडे हात नेला आणि तुम्ही केवढ्याने ओरडलात, "सेल्फ मत मारो!" दादा, त्या एका ओरडण्याने माझी गाडी वाचली. आत पाणी असताना सेल्फ मारला असता तर पिस्टन पाण्यावर आपटला असता, कनेक्टिंग रॉड वाकला असता आणि पुढची सगळी ट्रिप टेम्पोतून.

मग तुम्ही गाडी मागच्या चाकावर उभी केलीत, सायलेन्सरमधून भळाभळा पाणी आलं. एअर फिल्टर काढून फडक्यासारखा पिळलात. स्पार्क प्लग काढलात आणि म्हणालात "अब मारो", तर प्लगच्या भोकातून ही पिचकारी उडाली. आणि तो प्लग गमछाने पुसून पक्कडीत धरून चहाच्या स्टोव्हवर शेकवलात, मधेमधे जवळ नेऊन बघत होतात, अगदी आई लहान बाळाचं दूध गरम आहे का बघते तसं. तुमच्या नखांत डांबर होतं. ते हात मला अजून दिसतात.

गाडी चालू झाली तोवर ऊन कुठल्या कुठे गेलेलं, ढग खाली नदीपर्यंत उतरले आणि साबुदाण्यासारखं बर्फ पडायला लागलं. मी निघतो म्हणालो तर तुम्ही चावीच काढून घेतलीत. "सुबह पाँच बजे जाना, रात में पानी सो जाता है." ड्रमचे पत्रे ठोकून केलेली तुमची खोपी, वर ताडपत्री, त्यात सहा जण आणि सातवा मी. भात, मसूर डाळ, बटाट्याचा चोखा. आमच्याकडे काय पिकतं विचारलंत, मी भात म्हणालो तर तुम्ही एकदम खुलून बोलायला लागलात. लॉकडाऊनमध्ये, जून २०२० ला, लडाखच्या रस्त्यांसाठी दुमक्याहून कामगारांची स्पेशल ट्रेन सुटली ती बातमी मी घरी सोफ्यावर बसून वाचली होती, तुम्ही त्या ट्रेनमध्ये होतात. रात्री तुमची एक रजई माझ्या अंगावर आली आणि तुम्ही जॅकेट घालूनच झोपलात. हे मला पहाटे कळलं.

सकाळी नाला खरंच घोट्याएवढा. पैसे तुम्ही घेतले नाहीत. बिडी बंडलाच्या कागदावर नंबर लिहून दिलात, इथे रेंज नाही, पुढे लागली की घरी फोन करून सांगा मी बरा आहे म्हणून, एवढंच मागितलंत. कुंझुम खिंडीत देवीच्या देवळाला फेरी मारताना तो कागद दोनदा खिशात चाचपून बघितला.

काझाला पोचल्या पोचल्या आधी तो फोन केला. वहिनी अनोळखी आवाज ऐकून घाबरल्याच, "क्या हुआ उनको?" मी म्हटलं काही नाही, मजेत आहेत, त्यांनी मला जेवू घातलं. मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत आणि मग भरभर बोलत सुटल्या. तुम्हाला सांगायला सांगितलं होतं सगळं. मी म्हणालो परत याच रस्त्याने जाणार आहे, नक्की सांगतो. पण चार दिवसांनी नाल्यांनी रस्ता बंद झाला आणि मला ताबो, नाको करत शिमल्यावरून उतरावं लागलं. नंतर तो नंबर लागलाच नाही.

ऑक्टोबरात तुम्ही घरी गेला असाल, तुम्हाला सगळं कळलंही असेल. तरी शब्द दिला होता म्हणून सांगतो. धान रोपणी पूर्ण झाली, मजूर लावावे लागले नाहीत, भावकीतले येऊन गेले. पाऊस बरा आहे. गाय व्यायली, पाडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. धाकटीने नाव ठेवायचं थांबवलंय, बाबा आल्यावर ठेवायचं म्हणते.