गडकरीसाहेब, आता दुकानांच्या विम्यासाठी एक पत्र लिहा

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी
खासदार, नागपूर आणि केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२४ मध्ये आपण अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिले होते. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढा, अशी त्यात मागणी होती. निवेदन नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांचे, ते पुढे नेले आपण. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींवरचा तो कर गेला. विमा आपल्या खात्यात येत नाही, हे ठाऊक आहे. पण तेव्हा तरी कुठे येत होता?

मी इतवारी-गांधीबाग भागातल्या छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. आणखी एक करमाफी मागायला हे पत्र लिहीत नाही. दुकानाच्या पॉलिसीवर १८ टक्के आहेतच, पण नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे तेवढा कर त्याच्या देण्यातून वजा होतो. (कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, मिळत नाही, त्याचे रडगाणे पुन्हा कधीतरी.) माझे म्हणणे एवढेच की, पॉलिसीत काय आहे आणि काय नाही, हे आमच्याकडच्या दुकानदाराला नुकसान झाल्यावर कळते.

याचे मूळ बँकेच्या टेबलावर आहे. सीसी लिमिट (धंद्यासाठीची कॅश क्रेडिट कर्जमर्यादा) मंजूर होते, त्याच कागदांच्या गठ्ठ्यात विम्याच्या फॉर्मवर सही होते आणि हप्ता खात्यातून कटतो. पॉलिसी बँकेच्या फाइलमध्ये जाते. विम्याची रक्कमही बहुतेकदा कर्जाच्या हिशेबाने ठरते. दुकानात माल ३० लाखांचा, विमा १५ लाखांचा. सहा लाखांचा माल भिजला, तर सर्व्हेअर (नुकसान मोजणारा) निम्मेच धरणार, कारण विमा निम्म्याचाच काढला होता. आणि ते तीन लाखही आधी बँकेकडे जातात, तसे कलमच पॉलिसीत असते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण विसरला नसाल. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी मोर भवनच्या बसस्थानकात शिरले. गणपती बसलेले, पुढे नवरात्र आणि दिवाळी. म्हणजे दुकाने भरलेली. सरकारने दुकानांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. सीताबर्डीवरच्या भरलेल्या कापड दुकानात तेवढ्याने काय होणार?

पुराचे कलम मूळ पॉलिसीतच असते, त्यामुळे माल वाया गेला तर दावा लागतो. खरी गंमत त्यानंतरच्या खर्चाची. १ एप्रिल २०२१ पासून, एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असणाऱ्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक पॉलिसी आहे. ती वाईट नाही, उलट जुन्या फायर पॉलिसीपेक्षा बरी आहे. विम्याची रक्कम मालमत्तेच्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी दाव्याला कात्री लागत नाही. मलबा हटवायला दाव्याच्या दोन टक्के, आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी पाच टक्के, रोख रकमेसाठी ५० हजार, हे सगळे वेगळा हप्ता न देता आत आहे. आमच्या बाजारात हे कोणाला माहीत आहे, ते विचारून बघा. मलब्याचा खर्च लोक मागतच नाहीत. मागितला तरी दहा लाखांच्या दाव्यावर वीस हजार. तळघरातला गाळ, भिजलेल्या गाठी आणि पंपाचे भाडे यात ते कुठे जातील, कळणारही नाही. मर्यादा वाढवून घेता येते, पण नुकसान होण्याआधी.

जे आत नाही, ते तर अधिकच महाग पडते. दुकान दोन महिने बंद राहिले, तर बुडालेला नफा फायर पॉलिसी देत नाही. त्यासाठी व्यवसाय खंडित होण्याचे वेगळे कव्हर लागते. तेवढ्यापुरती दुसरी जागा घेतली, तर तिचे भाडे मिळेल असे कलमही मागून घ्यावे लागते. गाळा भाड्याचा असेल, तर रॅक, काउंटर, फॉल्स सीलिंग दुकानदाराच्या पैशाने झालेले असते आणि पॉलिसीत फक्त ‘स्टॉक’ लिहिलेले असते. गोदामाची तर कथाच वेगळी. दुकान गांधीबागेत, गोदाम शहराबाहेरच्या वाडीला, पॉलिसीवर पत्ता मात्र एकच. दोन्हीकडच्या मालाला मिळून एक फ्लोटर कव्हर घेता येते. ते नसेल, तर वाडीत जळलेल्या मालाचा या पॉलिसीशी काहीच संबंध उरत नाही. कळमन्याच्या बाजूला शीतगृहात मिरची ठेवणाऱ्यांनी, आगीने वीज तुटून माल बिघडला तर कोण देणार, हे आजच पॉलिसीत पाहावे. हे कलमही बहुधा वेगळे असते.

विमा नियामकाने आरोग्य विम्यासाठी जानेवारी २०२४ पासून सोप्या भाषेतले माहितीपत्रक सक्तीचे केले. जून २०२४ मध्ये सर्वसाधारण विम्याच्या किरकोळ ग्राहकांसाठीही ते आले, आणि त्यात अ‍ॅड-ऑनचा, म्हणजे वेगळा हप्ता देऊन घ्यायच्या जादा कव्हरांचा, रकाना आहे. तेच पत्रक बँकेतून निघणाऱ्या प्रत्येक दुकान-पॉलिसीबरोबर मराठीत, मंजुरीपत्राला जोडून मिळावे. कोणती जादा कव्हरे देऊ केली आणि दुकानदाराने कोणती नाकारली, तेही त्यावर लिहून त्याची सही घ्यावी. सही करताना तरी माणूस विचारतो, हे काय आहे म्हणून. सरकारी बँका आणि चारही सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्या अर्थ मंत्रालयाच्या एकाच विभागाखाली येतात. त्यांच्यापासून सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही.

तोवर एक काम आपल्या हातातले आहे. खासदार औद्योगिक महोत्सवात मोठ्या गुंतवणुकीच्या गोष्टी होतात, व्हायलाच हव्यात. पुढच्या वेळी एक टेबल दुकानांच्या विम्याचे लावा. आपली पॉलिसी घेऊन या, कोणीतरी ती वाचून दाखवेल, एवढेच. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्सला सोबत घेतले, तर रांग लागेल.

माहितीपत्रकाचा एका पानाचा मराठी मसुदा मी करून ठेवला आहे. आपल्या कार्यालयात तो कोणाकडे द्यायचा, तेवढे कळवावे.

आपला,
इतवारीतला एक हिशेबनीस