सुट्टीतली कादंबरी विसाव्या पानावर का अडते?

महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादी गाजलेली कादंबरी वाचून यायला सांगण्याची पद्धत काही शाळांनी टिकवली आहे, हे चांगलंच. अशा यादीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) असली की पालक निर्धास्त होतात, कारण पुस्तक दीडशे पानांच्या आतलं आणि निवेदन सोपं. तरीही आठवी-नववीतली मुलं विसाव्या पानाच्या आसपास थबकतात. त्याचं खापर मोबाइलवर फोडणं सोयीचं असलं, तरी खरी अडचण कादंबरीच्या बांधणीत आहे.

कोवळ्या वयाचा मास्तर पहाटे वाडीची वाट धरतो, पोचतो, तर शाळेला पोरंच नाहीत. पुढे बराच वेळ ‘घडत’ काही नाही, फक्त माणसं भेटत जातात : कारभारी, अंजी, आयबू, आनंदा रामोशी, शेकू. रोज चार-चार पानं वाचणाऱ्याला तिसऱ्या दिवशी आयबू कोण हेच आठवत नाही. म्हणून पहिली बैठक दांडगी हवी, पंचवीस-तीस पानांची. पुढे रोज दहा पानं पुरतात आणि पंधरवड्यात पुस्तक हातावेगळं होतं. खुणेसाठी पुठ्ठ्याची पट्टी ठेवावी आणि तिच्यावरच माणसाचं नाव, एक विशेष आणि पान क्रमांक टिपावा.

संवाद माणदेशी बोलीत आहेत. ते मोठ्याने वाचले की निम्मे शब्द आपोआप उलगडतात. उरलेल्यांखाली पेन्सिलने रेघ मारून पुढे जावं. प्रत्येक शब्दाला कोश उघडला की वाचन मोडतं. पुस्तकाला प्रस्तावना किंवा मलपृष्ठावर मजकूर असेल, तर तो शेवटी वाचावा. असा मजकूर अनेकदा शेवट आधीच सांगून टाकतो. १९९५चा अमोल पालेकरांचा चित्रपटही नंतरच.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी : हा मुलूख औंध संस्थानातला आहे. तालमीच्या उद्घाटनाला येणारा राजा गोष्टीतला वाटू नये, तर सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले भवानराव पंतप्रतिनिधी तिथे खरोखर राज्य करत होते, एवढं मुलांना माहीत असावं.

शिक्षकांना विनंती, ‘सारांश लिहा’ हा गृहपाठ देऊ नका. तो इंटरनेटवर तयार मिळतो. बैलाच्या जोडीला शेकूची बायको औत ओढते, तो प्रसंग मास्तर कोणत्या शब्दांत सांगतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, असं विचारा. किंवा वाडी ओस पडण्याआधी दुष्काळाची पहिली खूण कोणत्या पानावर दिसते, ते शोधायला सांगा. आणि यादी निकालाच्या दिवशी न देता एप्रिलच्या सुरुवातीला द्या. एकाच वाचनालयातल्या दोन-तीन प्रतींसाठी साठ मुलं जूनच्या पहिल्या आठवड्यात रांगेत उभी राहतात.

– एक मराठी शिक्षिका, सातारा