मे महिन्यात गाडी आणण्याआधी

सोलापूर,
१८ एप्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मे महिन्यात काका-काकूंना घेऊन गाडीनंच येतोयस म्हटल्यावर आई खूश आहे. पण मधेच तू सहज लिहिलंयस, 'कूलंट कमी होतं जरा, रोज सकाळी पाणी टाकतो, भागतं.' कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेच कमी होतंय हे वाचून मला चैन पडेना. पुण्याहून इथवर अडीचशे किलोमीटर, टेंभुर्णीच्या पुढं भर दुपारचं ऊन, एसी चालू आणि गाडी जुनी. तिथं नाही भागायचं रे. माझ्या गाडीचं हेच दुखणं नुकतंच निस्तरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडं कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरायची आणि खाली जमीन मात्र कोरडी. गळती बारीक असली की थेंब गरम इंजिनवर पडतो आणि तिथंच वाळून जातो, दिसणार कसा? म्हणून गाडी पूर्ण थंड असताना बघायचं. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेव आणि सकाळी डाग नेमका कशाच्या खाली आहे ते बघ. मग टॉर्च घेऊन होजची, म्हणजे रबरी नळ्यांची टोकं, त्यांचे क्लॅम्प, रेडिएटरच्या कडा नीट न्याहाळ. पाणी उडून गेलं तरी कूलंटच्या रंगाची खरखरीत पापडी मागं राहते. डॅशबोर्डखालची चटई ओली, काचेवर आतून चिकट वाफ आणि गोडसर वास असेल तर हीटरची जाळी गळतेय. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइल दुधाळ किंवा रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या पॅकिंगचा संशय घे आणि गाडी जागची हलवू नको.

माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. सात रस्त्याकडच्या एका मेस्त्रींनी आधी रेडिएटरचं झाकण तपासायला सांगितलं, आणि ते मला फार पटलं. झाकणावर ०.९ असा आकडा आहे, म्हणजे ०.९ बार दाब. तेवढा दाब धरला तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग किंवा रबर गेलं की शंभरालाच उकळी, आणि गळती नसतानाही कूलंट बाहेर. झाकण चांगलं निघालं. मग त्यांनी रेडिएटरच्या तोंडाला काटा असलेला हातपंप बसवला आणि तेवढाच दाब भरला. इंजिन बंद, थंड. काटा अगदी सावकाश खाली यायला लागला. खालून आरसा धरला तेव्हा वॉटर पंपाच्या पोटाला असलेल्या बारीक भोकातून हिरवा थेंब फुगताना दिसला. सुहास, इतके दिवस जे नुसतं अंदाजानं चाललं होतं ते डोळ्यांनी बघितलं आणि केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर पाण्याकडच्या बाजूला सील आणि पलीकडं बेअरिंग. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी त्या भोकातून बाहेर पडावं, अशी ती योजना. म्हणून कोणी एम-सील लावून ते बुजवतो म्हणाला तर हात लावू देऊ नको. गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्तीही तुला कोणीतरी सांगेलच. रस्त्यात अडकलास तर घरापर्यंत पोचायला ठीक, पण पुढं बारीक नळ्या चोंदतात.

पंप नवा घातला. जुनं पॅकिंग खरवडून जागा साफ केली, बोल्ट सगळीकडून थोडे थोडे करत आवळले, बेल्टही बदलला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप, पातेल्यात गरम पाण्यात सोडून बघितला, ८२ अंशांच्या सुमारास उघडला, म्हणून तोच ठेवला. बोअरचं पाणी मात्र अजिबात घातलं नाही. आपल्याकडचं पाणी किती जड, बादलीला कसे पांढरे थर बसतात ते तू बघितलंयस. तेच थर रेडिएटरच्या आत बसतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हीटर गरमवर, झाकण उघडं, आणि थंड इंजिन चालू करून फॅन लागेपर्यंत थांबलो, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी भर घालावी लागली. मग तुळजापूरचा घाट चढून आलो, पातळी जागची हलली नाही.

दोन गोष्टी काकूंनाही सांगून ठेव. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला, इंजिन बंद. आणि झाकण गरम असताना कोणीही उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं. काटा एकदम खाली पडला तरी निर्धास्त होऊ नको, पाणीच संपलं तर सेन्सर कोरडा पडून खोटं दाखवतो. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाक. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.

आज रात्रीच पुठ्ठा घाल आणि सकाळी फोटो पाठव. डाग बेल्टच्या बाजूला असेल तर इंजिन बंद ठेवून पंपाची पुली (बेल्ट बसतो ते चाक) हातानं हलवून बघ; सैल लागली तर पंप बदलूनच नीघ. जमत नसेल तर कळव, रविवारी मी एसटीनं येतो, तो दाबाचा हातपंप मेस्त्रींकडून मागून आणतो.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विनू