दंड मी भरला, सुटला तो

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नशेच्या आहारी गेलेल्या आरोपींसाठी वेगळी न्यायालयं कशाला, असं विचारणारं पत्र कालच्या अंकात वाचलं. 'गुन्हेगारांचे लाड' हे शब्द तर आपण ठळक टायपात छापलेत. पत्रलेखक महाशयांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली दिसत नाही. नशीबवान आहेत. मी चढलोय, तीही दुसऱ्याच्या पोरासाठी, म्हणून हा खटाटोप.

उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशीनं. त्यातल्या एकावरचं पोरगं तेवीस वर्षांचं. हात असा, की कातलेला तुकडा बोटांत धरला की व्हर्नियर लावायच्या आधी माप सांगणार. त्याला गांजाचा नाद आहे हे मला उशिरा कळलं. एके सकाळी चकाची, म्हणजे तुकडा घट्ट पकडणाऱ्या भागाची, चावी चकातच ठेवून त्यानं मशीन चालू केलं. चावी सुटली ती माझ्या कानाजवळून वरच्या पत्र्यात. भोक अजून आहे, पावसाळ्यात खाली बादली ठेवतो. तेव्हाच हाकलायला हवं होतं, असं घरचे आजही ऐकवतात. असेल. पण असा टर्नर परत मिळत नाही, हा स्वार्थ मी लपवत नाही.

पुढे रंकाळ्याच्या बाजूला तो पुडीसकट सापडला. कायद्यात गांजाचं एक किलोपर्यंतचं वजन 'अल्प' धरतात. याच्याकडं काडेपेटीत मावेल एवढा होता. जामीन मीच राहिलो. घरफाळ्याची पावती, रेशनकार्ड, त्याच्या झेरॉक्स, झेरॉक्सवर सह्या. कागद पुरे होईपर्यंत नऊ दिवस तो आत. गांजावर आत गेलेलं पोरगं बाहेर आलं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, कुठं मिळते आणि कितीला मिळते हे तोंडपाठ करून. सरकारी खर्चानं झालेलं हे शिक्षण. याला मात्र लाड म्हणायचं नाही.

मग दीड वर्ष तारखा. प्रत्येक तारखेला त्याचा खाडा आणि माझं मशीन बंद. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "कबूल करून टाकूया, दंडावर भागतंय." तोवर मी इकडून तिकडून थोडं वाचलं होतं. भीतभीतच विचारलं, "साहेब, ते कलम ३९ आहे ना?" एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा १९८५चा, आणि हे कलम तेव्हापासून त्यात आहे: स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या प्रकरणात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल आणि तयार असेल, तर लगेच शिक्षा न देता कोर्ट त्याला बंधपत्रावर सरकारमान्य ठिकाणी उपचाराला सोडू शकतं. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टापुढं आणायचा. वकीलसाहेब हसले. "ते कोण मागतंय मालक? लांबड लागंल. वर्षभर रिपोर्ट आणत बसाल."

दंड मी भरला. बाहेर चहाच्या गाड्यावर पोरगं म्हणालं, "सुटलो बघा मालक." आठवडा गेला नाही तोवर डोळे पुन्हा लाल. दीड वर्षात पोलीस, सरकारी वकील, आमचा वकील, कोर्ट, यातल्या एकानंही त्याला विचारलं नाही, की बाबा तू रोज ओढतोस का आणि तुला हे सोडायचंय का.

कालच्या पत्रात अमेरिकेच्या नावानं बरीच आदळआपट आहे. १९८९ साली मायामीत असं पहिलं कोर्ट निघालं, ते तीच ती माणसं तुरुंगात आत-बाहेर करताना बघून सगळे कंटाळले म्हणून. तिथं आरोपीला दर आठवड्याला-पंधरवड्याला त्याच न्यायाधीशांपुढं उभं राहावं लागतं. लघवीची तपासणी कधीही, न सांगता. उपचार साधारण वर्षभर तरी. चुकला तर दोन-चार दिवस कोठडी आणि पुन्हा उपचार. फारच बिघडला तर मूळ शिक्षा आहेच. नीट चालला तर कोर्टात टाळ्या वाजवतात म्हणे. टाळ्या मलाही जरा जास्तच वाटतात. बाकी याला लाड म्हणणाऱ्यानं आठवडाभर अशा पाळतीत राहून दाखवावं. आमच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं दंडच निवडला असता, सोपा आहे तो.

विकणाऱ्यांना सोडा असं कोणी म्हणत नाही, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या त्यावर पत्र येईल.

हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूर किती वर्षं भांडलं! ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा मीही वर्कशॉपात पेढे वाटले. तेवढं भांडणाऱ्या वकील मंडळींनी खालच्या कोर्टात आठवड्यातला एक दिवस अशा पोरांसाठी मागायला काय हरकत आहे? नवा कायदा नको, नवी इमारत नको. कलम आहे, ते वापरा.

आता आपल्याबद्दल. पोरगं सापडलं तेव्हा आपण त्याचं नाव, गल्ली, वय आणि फोटो छापलात. फोटोत त्याच्या अंगावर माझ्या वर्कशॉपचा डगला होता. बहिणीचं ठरत आलेलं लग्न त्या आठवड्यात बोलणीतच थांबलं. दंडावर भागलं ते मात्र एका ओळीतही आलं नाही. मी फोन केला तेव्हा 'बघतो' म्हणाले. अजून बघतायत.

मागे एलबीटीवर, त्या जुन्या स्थानिक करावर, लिहिलेलं माझं पत्र आपण चार ओळींचं केलं होतंत. हेही कापणार असाल तर अमेरिका कापा, पत्र्याचं भोक ठेवा. आणि माझं नाव छापू नये. ते वाचलं की पोरगा कोण हे उद्यमनगरात चहा निवायच्या आत कळेल, आणि सोमवारपासून तो पुन्हा लेथवर आहे.

आपला,
एक वर्कशॉपवाला, कोल्हापूर