सूचना : घरची आमराई आणि सागवान पुढच्या पिढीकडे सोपवताना

सर्व सभासदांना नमस्कार. पोळ्याला पोरं-लेकी गावी येतील, तेव्हाच हा विषय काढा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का, हे आधी तलाठ्याकडे बघा. साग, चंदन, आंबा, चिंच ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात. नोंद नसली की पुढे परवानगीला वारस हेलपाटे घालतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित जमिनीत लेकींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यांच्याशिवाय बसू नका. मृत्युपत्र केलंत तर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

आणि कळकळीची विनंती: कोणतं झाड कोणी लावलं, कोणतं कधीच तोडायचं नाही, उन्हाळ्यात कोणत्या विहिरीचं पाणी द्यायचं, हे वहीत लिहा. वाटणीत पहिली कुऱ्हाड आमराईवरच पडते. वहीची एक प्रत लेकीकडेही द्या.