संशोधनाचा प्रश्न आरोग्य केंद्रातून यावा

मा. संपादक,

वैद्यकीय संशोधन हा मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांचा विषय असून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी त्याचा संबंध नाही, हा समज आपल्याकडे अगदी आरोग्य खात्यातही आढळतो. तो चुकीचा असल्याचा पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के दगावत असत. रुग्ण घामाने चिंब होऊन येई, ओकाऱ्या होत, हातपाय गार पडत आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडे. या विषावर नेमका उपाय तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि लक्षणांचा क्रम यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. त्यांतून हृदयावर येणारा ताण हेच मृत्यूचे मुख्य कारण असल्याचे स्पष्ट झाले. आधी नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरून पाहिले गेले. परंतु ते शिरेतून द्यावे लागते आणि रुग्णावर सतत लक्ष ठेवावे लागते, जे लहान केंद्रात अवघड असते. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी उपयोगी ठरली. याविषयीचा त्यांचा लेख 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. पुढचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास काय होते, याची 70 रुग्णांवर चाचणी घेतली. केवळ प्राझोसिन घेतलेल्यांपैकी दहा तासांत सुमारे 23 टक्के, तर दोन्ही घेतलेल्यांपैकी 91 टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले, असे त्यांनी 2011 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित महिलेकडून घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत तपासली. या अभ्यासाचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचे वजन व तापमान पाहतात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमामागे हे काम आहे. विशेष म्हणजे या अभ्यासात तुलनेसाठी दुसरी गावेही निवडलेली होती. त्यामुळे मृत्यू कशामुळे घटले, याचे उत्तर अंदाजावर सोडावे लागले नाही.

असे काम एखाद्याच्या जिद्दीवर अवलंबून का राहावे, हा माझा प्रश्न आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाकडे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही असते. तरीही रक्तदाबाचे रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गोळ्या का सोडतात, किंवा सर्पदंशाचा रुग्ण केंद्रात उशिरा का पोहोचतो, असे वैद्यकीय अधिकाऱ्याला रोज भेडसावणारे प्रश्न प्रबंधाचा विषय होताना क्वचितच दिसतात. उपकेंद्रातील परिचारिका रात्री उशिरापर्यंत नोंदवह्या आणि ऑनलाइन तक्ते भरते, ती माहिती तालुक्याला आणि जिल्ह्याला जाते. पण तिच्याच गावाबद्दल त्यातून काय कळले, हे तिला सहसा कोणी सांगत नाही. ज्यांच्या कष्टावर अभ्यास उभा राहतो, त्यांच्यावर हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि सार्वजनिक आरोग्य विभागाने मिळून दरवर्षी प्राथमिक आरोग्य केंद्रांकडून असे प्रश्न मागवावेत आणि काही प्रबंध त्यांसाठी राखून ठेवावेत. जिथे अभ्यास झाला त्या केंद्राला निष्कर्षांचे एक पानी मराठी टिपण देणे बंधनकारक करावे, आणि अभ्यासात सहभागी होणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्यासाठी कामाच्या वेळेतच सवड द्यावी. यासाठी नवी इमारत किंवा मोठे यंत्र लागणार नाही.

– एक वाचक, जि. रायगड